निविदेत न धरलेला काळ

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या तळावर भारतीय हवाई दलाने मिग-२१ या विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ साली याच चंडीगडला ज्याची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, १९७१ च्या डिसेंबरात ज्याने ढाक्याच्या राजभवनावर मारा करून पूर्व पाकिस्तानच्या कारभाराचे उरलेसुरले अवसान घालवले, आणि पुढे उतारवयात ज्याच्या अपघातांनी कित्येक तरुण वैमानिकांच्या घरांवर दुःखाचा डोंगर कोसळला, त्या विमानाचा निरोप हा अभिमानाचा आणि व्यथेचा प्रसंग होता. परंतु त्या दिवशी आणखी एक नोंद दफ्तरी झाली, आणि तिची चर्चा व्हावी तितकी झाली नाही. हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन ४२ असताना प्रत्यक्षात २९ उरल्या. मिग-२१ कधीतरी निवृत्त होणार, हे कोणालाही अनपेक्षित नव्हते. त्याची जागा घेणारी विमाने मागवण्याचा विचार कारगिलच्या युद्धानंतर लगेच सुरू झाला होता. पुढे जगातल्या सहा नामांकित कारखानदारांनी त्या एका कामासाठी आपसांत चुरस केली. त्यांची विमाने उन्हात, पावसात आणि बर्फात पारखली गेली. आणि एवढे सारे होऊनही मूळच्या विमानाला बासष्ट वर्षे सेवेत राहावे लागले.

लढाऊ विमानांच्या खरेदीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. सौद्यात दलाली कोणी घेतली, हा पहिला. आणि अमुक विमान श्रेष्ठ की तमुक, हा दुसरा. लोकशाहीत हे दोन्ही प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. परंतु त्यांच्या गदारोळात तिसरा एक प्रश्न नेहमी मागे पडतो, आणि तो म्हणजे निवड करण्यात गेलेल्या काळाचा. विमान घेताना त्याची किंमत मोजली जाते, त्याच्या सबंध आयुष्याचा इंधनाचा आणि दुरुस्तीचा खर्च मोजला जातो, त्याबरोबर येणाऱ्या तंत्रज्ञानाचे मोल ठरवले जाते. निर्णय एक वर्ष लांबला तर त्या वर्षाची किंमत काय, हे मात्र कोणत्याही तक्त्यात मांडलेले नसते. कारखानदारांच्या स्पर्धेतून ग्राहक देशाचे हित साधायचे असेल, तर त्या स्पर्धेला लागणारा काळ हा तिच्या हिशेबाचा भाग झाला पाहिजे. आणि तो काळ आपल्याला जाचू नये असे वाटत असेल, तर आपल्या हातचे विमान आणि आपल्या हातचे इंजिन यांवाचून दुसरा उपाय नाही, असे माझे ठाम मत आहे.

हा बाजार इतर बाजारांहून निराळा आहे. येथे ग्राहक केवळ सरकारे असतात, विक्रेते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि प्रत्येक विक्रेत्याच्या पाठीशी त्याचे सरकार उभे असते. अमेरिकेत लॉकहीड मार्टिन आणि बोइंग, फ्रान्समध्ये दासॉ, स्वीडनमध्ये साब, ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेन या चार देशांचे मिळून युरोफायटर, रशियात मिग आणि सुखोई. यांपैकी कोणाचाही एक मोठा करार हुकला म्हणजे एखादी उत्पादनशाखा बंद पडण्याची, हजारो कुशल कामगार विखुरण्याची आणि त्या देशाची पुढच्या पिढीचे विमान घडवण्याची क्षमताच धोक्यात येण्याची भीती असते. म्हणून राजदूतांपासून राष्ट्राध्यक्षांपर्यंत सारे या विक्रीसाठी झटतात, आणि कधी कधी त्या झटण्याला अत्यंत हीन वळण लागते. १९७६ साली अमेरिकी सिनेटच्या चौकशीतून लॉकहीड कंपनीने परदेशांत वाटलेल्या लाचेची जी प्रकरणे बाहेर आली, त्यांत नेदरलँडचे राजपुत्र बर्नहार्ड यांना आपली सार्वजनिक पदे सोडावी लागली आणि जपानचे माजी पंतप्रधान तनाका यांना अटक झाली.

तरीही हीच स्पर्धा नीट हाताळली तर ग्राहकाला किती देऊन जाते, याचे उत्तम उदाहरण त्याच दशकात सापडते. बेल्जियम, नेदरलँड, डेन्मार्क आणि नॉर्वे हे चार छोटे देश जुन्या विमानांच्या जागी नवे विमान घेण्यासाठी एकत्र आले. समोर फ्रान्सचे मिराज एफ-१, स्वीडनचे व्हिगेन आणि अमेरिकेचे एफ-१६ होते. अमेरिकेच्या हवाई दलाने स्वतःसाठी एफ-१६ ची निवड केली १९७५ च्या जानेवारीत. या चार देशांनी आपला निर्णय जाहीर केला त्याच वर्षीच्या जूनमध्ये, एकूण ३४८ विमानांसाठी. आणि बेल्जियमच्या हवाई दलात पहिले विमान दाखल झाले १९७९ च्या जानेवारीत. बेल्जियम आणि नेदरलँड येथे विमानांच्या जुळणीचे कारखाने उभे राहिले, ते निराळेच. एकत्र येऊन मागणी मोठी केली, अपेक्षा स्पष्ट ठेवल्या आणि उत्तर वेळेवर दिले, म्हणून विक्रेत्यांच्या चुरशीचा सारा रस त्या देशांच्या पदरात पडला.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहू. कारगिलच्या युद्धात टायगर हिलवर मिराज-२००० या विमानांनी जी कामगिरी बजावली, तिच्यावरून हवाई दलाला तीच विमाने आणखी हवी होती. सरकारने मात्र एकाच विक्रेत्याकडून थेट खरेदी न करता खुली स्पर्धा घ्यावी, असे ठरवले. तत्त्व म्हणून यात दोष काढण्यासारखे काही नाही. ज्या देशाने तोफांच्या खरेदीवरून सरकारे डळमळताना पाहिली होती, त्याच्या अधिकाऱ्यांनी स्पर्धेचा आधार शोधणे स्वाभाविकच होते. परंतु माहितीपत्रे, शेरे, फेरविचार आणि नव्या कार्यपद्धती यांतून वाट काढत १२६ विमानांची निविदा प्रत्यक्ष निघाली ती २८ ऑगस्ट २००७ रोजी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दासॉ कंपनीने शेवटचे मिराज-२००० ग्रीसच्या हवाई दलाच्या हवाली केले आणि त्या विमानाचे उत्पादन संपले. मुळात जे विमान हवे होते, तेच कागद फिरत असताना जगाच्या बाजारातून नाहीसे झाले.

निविदेला सहा उत्तरे आली. लॉकहीडचे एफ-१६, बोइंगचे सुपर हॉर्नेट, रशियाचे मिग-३५, स्वीडनचे ग्रिपेन, युरोफायटर टायफून आणि दासॉचे राफेल. २००९-१० मध्ये यांच्या चाचण्या बंगळुरू, जैसलमेर आणि लेह या तीन ठिकाणी झाल्या, आणि या चाचण्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. लेहचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेदहा हजार फुटांवर, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेला आहे. तेथे रात्रभर उघड्यावर गारठलेले विमान सकाळी सुरू करणे ही एक परीक्षाच असते. बॅटरीतली ताकद थंडीने ओसरलेली असते, वंगण घट्ट झालेले असते, आणि इंजिनाच्या तोंडाशी येणारी हवा इतकी विरळ असते की इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागण्यापूर्वीच आतले तापमान मर्यादेबाहेर जाण्याची भीती असते. अशा वेळी विमानाखाली उभा असलेला तंत्रज्ञ काट्यांकडे टक लावून पाहत असतो आणि वैमानिकाचा हात थ्रॉटलवर थबकलेला असतो. इंजिन पेटले तरी काम संपत नाही. त्या विरळ हवेत शस्त्रांचा भार घेऊन मर्यादित धावपट्टीवरून उठता आले पाहिजे. सहाशेहून अधिक निकषांवर सहाही विमाने आमच्या वैमानिकांनी आणि अभियंत्यांनी अशी तपासली. सहा स्पर्धकांना एकाच मापाने मोजणारी एवढी विस्तृत परीक्षा इतर देशांतही क्वचित झाली असेल. २०११ च्या एप्रिलमध्ये टायफून आणि राफेल ही दोनच विमाने पुढच्या फेरीसाठी योग्य ठरली. अमेरिकेच्या राजदूतांनी तीव्र निराशा जाहीरपणे व्यक्त केली, आणि तरीही दिल्लीने निर्णय फिरवला नाही.

पुढे ३१ जानेवारी २०१२ रोजी राफेल हे सर्वांत कमी किमतीचे ठरल्याचे जाहीर झाले. सबंध आयुष्याचा खर्च मोजून निवड करण्याची पद्धत आपल्याकडे यावेळी प्रथमच अवलंबली गेली, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. विजेता जाहीर झाला आणि खरी वाटाघाट त्यानंतर सुरू झाली. येथेच सारे अडले. १८ विमाने तयार यायची होती आणि १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्सने आपल्या देशात बांधायची होती. या १०८ विमानांची हमी कोणी घ्यायची? दासॉचे म्हणणे असे की दुसऱ्याच्या कारखान्यात बनलेल्या विमानाची जबाबदारी आम्ही कशी घ्यावी. एक विमान बांधायला आपल्याकडे फ्रान्सच्या सुमारे २.७ पट मनुष्यतास लागतील असा अंदाज पुढे आला, आणि या तफावतीचा भार किमतीत कोठे धरायचा, यावर एकमत होईना. तीन वर्षे अशी गेली. १० एप्रिल २०१५ रोजी पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ विमाने तयार स्वरूपात घेण्याची घोषणा केली, जुनी निविदा मागे घेण्यात आली, आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी सुमारे ७.८७ अब्ज युरोंचा करार झाला. अंबाल्याला पहिली पाच राफेल उतरली ती २९ जुलै २०२० रोजी. निविदेपासून तेरा वर्षांनी, आणि १२६ च्या ठिकाणी ३६.

या करारावर पुढे जे राजकीय रण माजले त्यात मी शिरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या डिसेंबरात चौकशीची मागणी फेटाळली, आणि तो वाद ज्यांना चालवायचा आहे त्यांनी चालवावा. मला बोचते ते वेगळेच आहे. ज्या दिवशी विक्रेत्याचे नाव जाहीर झाले त्या दिवशी स्पर्धा संपली, आणि हमी, श्रमाचे तास, तंत्रज्ञानाचे हस्तांतर हे सर्वांत कठीण प्रश्न मात्र उघडेच राहिले होते. मृग निघून चालला आहे, आभाळ भरून आले आहे, घरी बैलाची एकच म्हातारी जोडी आहे, अशा शेतकऱ्याने बैलबाजारात एका जोडीवर हात ठेवून मग भाव विचारावा, तसे हे झाले. व्यापाऱ्याला थांबणे परवडते. महालेखापरीक्षकांनी २०१९ साली हवाई दलाच्या खरेदीवर जो अहवाल दिला, त्यातही अपेक्षित गुणांच्या याद्या नीट न आखल्यामुळे कोणताही विक्रेता त्या पूर्णपणे भागवू शकत नाही आणि खरेदी चालू असतानाच त्या बदलाव्या लागतात, अशा आशयाचा ठपका आहे. हा ठपका कोणा एका पक्षाच्या सरकारावर नाही. तो आपल्या कार्यपद्धतीवर आहे.

विलंब ही केवळ आपल्याच दफ्तरांची व्याधी आहे असे मात्र नाही. अमेरिकेच्या हवाई दलाला हवेतल्या हवेत इंधन भरणारी नवी विमाने घ्यायची होती. २००१ नंतर बोइंगकडून शंभर विमाने भाड्याने घेण्याचा बेत ठरला. तो व्यवहार पाहणाऱ्या खरेदी अधिकारी डार्लीन ड्रुइअन या सरकारी सेवेत असतानाच बोइंगकडे स्वतःच्या नोकरीची बोलणी करत होत्या, हे उघड झाले, आणि २००४ साली त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. बोइंगच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यालाही शिक्षा झाली. मग खुली स्पर्धा झाली. २००८ च्या फेब्रुवारीत नॉर्थ्रॉप आणि युरोपची ईएडीएस यांच्या जोडीने १७९ विमानांचे हे काम जिंकले. बोइंगने तक्रार केली, आणि अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षीच्या जूनमध्ये ती उचलून धरली. बोइंगने शंभरावर आक्षेप घेतले होते. त्यांतले आठ कार्यालयाने ग्राह्य धरले, आणि मूल्यमापन कोठे चुकले ते कारणांसह लेखी मांडले. निवड रद्द झाली. नव्या स्पर्धेत २०११ च्या फेब्रुवारीत बोइंग जिंकली. ठरावीक किमतीच्या त्या कराराने कंपनीला पुढे सात अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला, आणि पहिले विमान हवाई दलाच्या हाती पडले ते २०१९ च्या जानेवारीत.

म्हणजे तेथेही अठरा वर्षे गेली. परंतु या दोन विलंबांत एक मोठे अंतर आहे. अमेरिकेने ज्या केसी-१३५ विमानांवर ती अठरा वर्षे काढली, ती १९५७ पासून सेवेत असली तरी तिच्याच देशात बनलेली होती, त्यांचे आराखडे तिच्याच कपाटात होते, त्यांची इंजिने बदलणे, पंखांचे पत्रे नव्याने बसवणे हे सारे तिच्याच कामगारांच्या हातचे होते. भांडण लांबले तर लांबू दे, तोवर जुन्यावर निभावू, असे म्हणण्याची ऐपत त्या देशाला होती. आपल्याला ती नव्हती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मिगच्या एकेका सुट्या भागासाठी आपल्या अधिकाऱ्यांना किती वणवण करावी लागली, हे त्या काळात हवाई दलात काम केलेला कोणीही सांगेल.

परावलंबनाचा हा धागा फार जुना आहे आणि त्याचे एक टोक महाराष्ट्रात आहे. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६४ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत एफ-१०४ ही विमाने प्रमुख होती. पाकिस्तानला ती आधीच मिळाली होती. अमेरिकेने ती देण्याचे नाकारले. पंडित नेहरूंच्या निधनाची वार्ता यशवंतरावांना तेथेच समजली आणि दौरा अर्धवट टाकून ते परतले. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले, आणि मिग-२१ आपल्याकडे बांधण्याच्या योजनेला गती आली. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी झाली. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या त्या वसाहतीला लोक आजही ओझर मिग म्हणतात. मिग-२१, त्यानंतर मिग-२७, त्यानंतर सुखोई-३०. साठ वर्षे त्या धावपट्टीवरून ही विमाने उडाली. परंतु ती सारी परवान्यावर बांधलेली होती. बांधणे आपले, आराखडा परक्याचा.

आराखडा आपला असण्याची संधी तेव्हा नव्हती असेही नाही. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूत घडलेले मारुत हे विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. स्वनातीत वेग हे त्याचे उद्दिष्ट होते, आणि त्यासाठी हवे होते अधिक ताकदीचे इंजिन. ब्रिटनमध्ये ते इंजिन पूर्णत्वास नेण्यासाठी मागितलेला खर्च आपल्या सरकारने मंजूर केला नाही. मारुतला दुबळ्या इंजिनावर भागवावे लागले. १९७१ मध्ये राजस्थान आघाडीवर त्याने शर्थ केली, पण १४७ विमानांनंतर त्याचा वंश खुंटला. इंजिन परक्याचे असले म्हणजे विक्रीचा अधिकारही परक्याचा होतो, हे १९७८ साली पुन्हा दिसले. खोलवर मारा करणाऱ्या विमानांसाठी तेव्हा ब्रिटन-फ्रान्सचे जग्वार, फ्रान्सचे मिराज एफ-१ आणि स्वीडनचे व्हिगेन यांच्यात स्पर्धा होती. व्हिगेनचे इंजिन मूळ अमेरिकी आराखड्यावर आधारलेले. कार्टर सरकारने विक्रीला परवानगी नाकारली आणि एक स्पर्धक आपल्या हातून नव्हे, तर तिसऱ्याच्याच हुकमाने बाद झाला. तेजसची कथा तर ताजी आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत ८३ तेजस एमके-१ए विमानांचा करार झाला. मार्च २०२४ पर्यंत पुरवठा सुरू व्हायचा होता. पण त्या करारासाठी मागवलेल्या ९९ अमेरिकी इंजिनांपैकी पहिले भारताच्या हाती आले मार्च २०२५ मध्ये.

या दिरंगाईचा भार कोणावर पडतो, हे पाहायचे तर ओझरच्या कारखान्यात जावे. विमानाच्या पंखाचा पत्रा जिगमध्ये घट्ट बसवून फिटर त्याला जेव्हा भोक पाडतो, तेव्हा ते भोक केसाइतकेही तिरपे जाऊन चालत नाही, कारण त्यात बसणारे रिव्हेट पुढची तीस वर्षे वाऱ्याचा आणि वेगाचा ताण सोसणार असते. ड्रिलचा आवाज किंचित बदलला तरी अनुभवी हात थांबतो. आत पत्रा वेगळ्या धातूचा आहे, की टोक बोथट झाले आहे, हे त्याच्या बोटांना समजते. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते वडिलधाऱ्या कामगाराकडून नव्याकडे सरकते, आणि उत्पादन चालू असले तरच सरकते. मागच्या दशकाच्या अखेरीस सुखोईच्या मोठ्या मागणीचे काम आटोपत आले. १२ सुखोई विमानांची नवी मागणी नोंदवली गेली ती २०२४ च्या डिसेंबरात. आणि ओझरला तयार झालेले पहिले तेजस एमके-१ए उडाले १७ ऑक्टोबर २०२५ रोजी. मधल्या वर्षांत किती अनुभवी हात निवृत्त झाले असतील, आणि नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या किती लहान पुरवठादारांनी आपली यंत्रे दुसऱ्या कामाला लावली असतील, याचा विचार करताना मन उदास होते. १०८ विमानांची जबाबदारी घ्यायची की नाही, या वादातल्या त्या मनुष्यतासांचे मूळ येथेच आहे. काम सलग मिळाले तर तास कमी होतात. काम खंडित झाले तर दर वेळी शिकवणी पहिल्यापासून सुरू होते.

२०२२ साली सी-२९५ या मालवाहू विमानांचा प्रकल्प नागपूरऐवजी वडोदऱ्याला गेल्यावर महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. कारखाना आपल्या राज्यात यावा ही इच्छा रास्त आहे. परंतु त्याच व्यवहाराचा दुसरा भाग फारसा कोणी बोलून दाखवला नाही. जुन्या अॅव्हरो विमानांच्या जागी ५६ विमाने घेण्याची निविदा २०१३ ची. स्पर्धा खुली असूनही टाटा आणि एअरबस यांची एकच बोली आली. आणि करार झाला २०२१ च्या सप्टेंबरात. एकच बोली आलेली असताना निविदेपासून सहीपर्यंत आठ वर्षे लागावीत, ही गोष्ट कोणत्याही राज्याच्या माणसाने मनाला लावून घेण्यासारखी आहे.

मग स्पर्धा नकोच, थेट सरकारे सरकारांशी बोलून घेतील, असे म्हणणारा एक वर्ग आता वाढतो आहे. मला ते मान्य नाही. स्पर्धेमुळेच लेहच्या थंडीत सहा विमाने एका मापाने मोजली गेली. स्पर्धेमुळेच किंमत उघड झाली. बदलायला हवी ती तिची रचना. निविदा निघण्यापूर्वीच हमी, तंत्रज्ञान आणि देशी उत्पादन यांच्या अटींचा मसुदा पक्का झाला पाहिजे, आणि विजेता जाहीर करण्याआधी अखेरच्या दोन्ही स्पर्धकांनी त्या मसुद्यावर सह्या केलेल्या असल्या पाहिजेत. म्हणजे चुरस जिवंत असताना कठीण प्रश्न सुटतील. निर्णयाला मुदत असली पाहिजे, आणि ती उलटल्यास जुनी विमाने चालवत ठेवण्याचा वाढीव खर्च निवडीच्या हिशेबात उघड मांडला गेला पाहिजे, म्हणजे विलंब हा सुरक्षित मार्ग आहे असे कोणत्याही अधिकाऱ्याला वाटणार नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये ११४ विमानांसाठी पुन्हा माहितीपत्रे मागवली गेली. ती जागा कोणत्याही मार्गाने भरली गेली तरी ही शिस्त तिला लागू व्हायला हवी.

आता तर स्पर्धेचे मैदान घरातच येत आहे. पाचव्या पिढीच्या एएमसीए या विमानासाठी २०२४ च्या मार्चमध्ये सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर झाले, आणि २०२५ च्या मे महिन्यात सरकारने ठरवले की ते बांधण्याची संधी हिंदुस्थान एरोनॉटिक्सला आणि खाजगी कंपन्यांना सारख्याच अटींवर मिळेल. फ्रान्सच्या साफ्रानबरोबर त्याचे इंजिन येथे घडवण्याची घोषणाही झाली आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. पण इंजिनाला पैसा वेळेवर मिळाला नाही तर मारुतचीच गत होईल, आणि तेव्हाप्रमाणेच या वेळीही दोष द्यायला कोणी परके सरकार समोर असणार नाही. म्हणून माझी मागणी अगदी व्यवहाराची आहे. बांधणाऱ्याची निवड, पहिल्या नमुना विमानाचे उड्डाण, इंजिनाची पहिली चाचणी आणि उत्पादनाची सुरुवात, या चार टप्प्यांच्या तारखा संरक्षण मंत्रालयाने आत्ताच जाहीर कराव्यात, इंजिनासाठीची तरतूद अन्य खर्चात वळवता येणार नाही अशी निराळी ठेवावी, आणि दर सहा महिन्यांनी या दोहोंचा हिशेब संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे मांडावा.